कलिंगडाचा कट

॥ श्री ॥
हिंजवडी,
रविवार, ५ एप्रिल २०२६

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी अट मान्य आहे. फोनवर वाद घालायचा नाही, मोबाइलवरून काही पाठवायचं नाही. जे खरं वाटतं ते स्वतःच्या हाताने लिहायचं आणि पोस्टात टाकायचं. परवा फोनवर आपलं वाजलं तेव्हा तू रागाच्या भरात हे बोललीस, पण मला ते आवडलं. तसंही तुझ्या बापाने, म्हणजे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, मला घरच्या ग्रुपवरून काढून टाकलंच आहे. संभाचं म्हणणं असं की ‘सावधान’ हा शब्द माणसाने लग्नात एकदाच ऐकावा, आक्का तो रोज सकाळी चहाआधी ऐकवते. ठीक आहे. विश्वजीतने कंपनीतून येताना पाकिटं आणि तिकिटं आणून दिली. देताना हसत होता. आईचं दुःख मुलांना कळत नाही.

आता मुद्दा. आमच्या टॉवरच्या फाटकाशी अमीनची फळांची गाडी असते. दुपारी त्याची बायको कमरजहां बसते. तू येतेस तेव्हा तिच्याकडून चिकू नेतेस, ती. अमीनचे वडील कासिमभाई आमच्या नदीकाठच्या मळ्यातली सगळी कलिंगडं उचलून मंडईत न्यायचे. मळा गेला, त्याच्यावर हा टॉवर आला, मी अकराव्या मजल्यावर आले आणि कासिमभाईंचा मुलगा खाली फाटकाशी आला. सहा वर्षं मी त्याच्याकडूनच फळं घेत होते.

पण मी तुला पाठवलेला तो कलिंगडाचा व्हिडिओ तू उघडलासुद्धा नाहीस. पांढरा कोट घातलेले एक डॉक्टर सांगतात की फळवाले गोदामात बसून कलिंगडात सुईने लाल रंग आणि औषध भरतात. देशभर हे चाललंय. बाजारवाले, पोलीस, दवाखाने, पेपरवाले, सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे गप्प आहेत. पुढची पिढी आजारी पाडायचा हा कट आहे. सेक्रेटरीने सोसायटीच्या ग्रुपवर हा टाकल्यापासून आमच्याकडे घबराट झाली आहे. रविवारी, २६ तारखेला सभा आहे. अमीनची गाडी फाटकापासून कायमची हलवायची, असा ठराव येणार. सेक्रेटरी प्रज्ञेश स्वतः घरी येऊन म्हणाला की मुक्ताकाकू, तुम्ही कलिंगडं पिकवलेली आहेत, तुम्ही बोललात तर कोणी शंका काढणार नाही. मी हो म्हटलं आहे.

तू म्हणशील पुरावा काय. पुरावा माझे डोळे. तुझे काका गेले, पण त्यांच्या हातचं कलिंगड मला अजून दिसतं. आतून गुलाबी. फार तर फार जरा गडद गुलाबी. बिया एवढ्या की अंगणभर थुंकत बसावं लागायचं. आणि अमीनच्या गाडीवरचं बघ, कुंकवासारखं लालभडक, बी औषधाला सापडत नाही. असं कलिंगड जमिनीतून येत नाही. जिने आयुष्यभर वाळूत उकिडवं बसून कलिंगडं काढली, तिला तू गाड्यांचे विमे तपासणारी पोर शिकवणार का? आठवडा झाला, मी मागच्या फाटकाने ये-जा करते.

सविस्तर उत्तर लिही आणि अक्षर लागेल असं लिही. भांडण कागदापुरतं आहे, माया नेहमीचीच आहे, हे ध्यानात ठेव.

तुझी,
मुक्ताआत्या


शनिवार पेठ, पुणे,
गुरुवार, ९ एप्रिल २०२६

ती. मुक्ताआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट आलं तेव्हा बाबांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. घाबरून त्यांनी आधी चहा घेतला, मग मला हाक मारली. तुझं अक्षर बघून त्यांच्या जिवात जीव आला. ‘सावधान’वाला परिच्छेद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ग्रुपचं काय करता येईल ते बघतो म्हणाले. बघ, पत्राचा परिणाम होतो.

मी माझी अट मोडून तो व्हिडिओ पाहिला. तीनदा पाहिला. तुला माहीतच आहे, माझं सगळं काम लोकांच्या गोष्टी तपासायचं आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या अपघातांत मध्येच एक गाय आडवी येते. गाय खरंच आली असेल, मी कोणाला खोटं पाडायला बसलेली नाही. मी फक्त विचारते की ती पाहिली कोणी, कुठे उभं राहून पाहिली, आणि सांगणाऱ्याचं नाव काय. तुझ्या डॉक्टरांना नाव नाही. दवाखाना नाही. गाव नाही. ज्या टेम्पोतून कलिंगडं उतरतात त्याची नंबरपाटी महाराष्ट्राची नाही. आणि हाच व्हिडिओ तीन वर्षांपूर्वी हिंदीत फिरत होता, तेव्हा हे सगळं म्हणे दुसऱ्याच शहरात चालू होतं. चित्र तेच, आवाज फक्त बदललाय.

आणि आत्या, तू म्हणतेस की सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे गप्प आहेत. आपल्या पुण्यात? बाबा स्कूटरवरून पडले तेव्हा तुला कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. बाबा, मी आणि डॉक्टर, एवढ्यांनाच माहीत होतं. गुडघ्याची पट्टी बांधून होईपर्यंत हिंजवडीहून तुझा फोन आला होता आणि पडला तर पडला, हेल्मेट का नव्हतं, म्हणून तू ओरडत होतीस. इथे तिघांना एक गुडघा लपवता येत नाही. देशभरातले फळवाले, पोलीस, दवाखाने आणि पेपरवाले इतकी वर्षं दातखीळ बसल्यासारखे गप्प राहतात, हे मला पटायला जड जातं.

पण माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस. तू स्वतः करून बघ. औषधाच्या दुकानातून एक सुई आण, खायचा लाल रंग आण, दोन कलिंगडं आण. एकात रंग भरून लगेच काप, दुसऱ्यात भरून तसंच ठेव. काय होतं ते मला लिही. जसं होईल तसंच लिही, एवढंच मागते.

एक शेवटचं. सभेत तुझ्या शब्दावर अमीनचं पोट अवलंबून आहे. म्हणून माझा जीव खालीवर होतो.

बाबांचा नमस्कार. रागावलीस तरी पत्र पाठवायचं थांबू नकोस, एवढा हक्क मी गृहीत धरते.

तुझी,
ऋतुजा


॥ श्री ॥
हिंजवडी,
सोमवार, १३ एप्रिल २०२६

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रयोग केला. आता त्याचा सगळा तमाशा ऐक.

सुई मागितली तर दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कशासाठी हवी विचारलं. मी कलिंगडासाठी म्हटलं. त्याने मुकाट्याने दिली, पण पैसे देताना मी बघितलं, तो मागे उभ्या असलेल्या पोराला डोळ्याने खुणावत होता. जिलेबीचा रंग घरात होता. कलिंगडं मागच्या मॉलमधून आणली. अमीनकडून आणायचं तोंड नव्हतं.

सालीत सुई जाता जात नाही. जोर लावला तेव्हा गेली, पण रंग आत जायच्या ऐवजी उलटा माझ्याच अंगावर उडाला. पुन्हा भरला, भोकावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला की पिचकारी. ओटा लाल, पदर लाल, चष्मा लाल. नेमका त्याच वेळी विश्वजीत आला. खांद्याला बॅग तशीच लावून दारात उभा राहिला. आईच्या हातात सुई, कोपरापर्यंत लाल हात, समोर कलिंगड. त्याने अगदी हळू आवाजात विचारलं की आई, तुला बरं आहे ना. मी म्हटलं, हे ऋतुजाने सांगितलं आहे. त्यावर तो आणखीच घाबरला.

कापून पाहिलं तर आत एकाच जागी लाल ओघळ, जिन्याच्या कोपऱ्यात कोणी पानाची पिंक टाकावी तसा. बाकी सगळं होतं तसंच. दुसरं ओट्याखाली ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या भोकातून फेस येत होता आणि घरभर आंबूस वास. मुंग्यांची रांग लागली होती. अकराव्या मजल्यावर मुंग्या कुठून येतात, याचाही एकदा तपास कर.

जसं झालं तसं लिहिलं. तुला दिलेला शब्द पाळला. पण म्हणून अमीन सुटला असं होत नाही. माझ्याकडे साधी सुई होती, त्यांच्याकडे यंत्र असेल. डॉक्टरांनी नाव सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर त्यांना जिवंत ठेवलं नसतं. पेपरात येत नाही कारण पेपर विकत घेतलेले आहेत. मला तर आता अशीही शंका येते की विमा कंपन्यासुद्धा यात असतील. तू जपून राहा.

संभाला सांग, ग्रुपवर घेण्यासाठी मी कोणाच्या पाया पडणार नाही. तुझ्यावरचा जीव मात्र मॉलच्या भावाइतका वाढतोच आहे.

तुझी,
मुक्ताआत्या


शनिवार पेठ, पुणे,
गुरुवार, १६ एप्रिल २०२६

ती. मुक्ताआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पाजावं लागलं. मीही हसले. मग शेवटचा परिच्छेद आला आणि मला राग आला. खरंच आला. म्हणून हे पत्र जरा कडक होणार आहे.

आत्या, रंग भरता आला असता तर तू म्हणाली असतीस की बघ, भरता येतो. भरता आला नाही, तर त्यांच्याकडे यंत्र आहे. पेपरात आलं असतं तर पुरावा, नाही आलं तर पेपर विकलेले, म्हणजे तोही पुरावाच. डॉक्टरने नाव दिलं असतं तर खरा माणूस, नाही दिलं तर जिवाची भीती. जिकडून जावं तिकडून अमीनच दोषी. माझ्याकडे एखादा माणूस असा क्लेम घेऊन आला, की काहीही घडलं तरी त्याचंच खरं, तर मी फाइल बंद करते. कारण त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

म्हणून मी तुला एकच विचारते. असं काय दिसलं म्हणजे तू म्हणशील की माझं चुकलं? विचार करून एक तरी गोष्ट लिही. एकही सुचत नसेल, तर तुला वाटतं ते कलिंगडाबद्दल नाही, दुसऱ्याच कशाबद्दल तरी आहे.

आणखी एक, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय. व्हिडिओच्या शेवटी तो माणूस ‘ही लोकं’ म्हणतो. कोणती लोकं, ते त्याला सांगावं लागत नाही. तुझ्या पत्रात तू ते वाक्य लिहिलं नाहीस. ऐकलं नसशील असं मला वाटत नाही. हाताने लिहायची वेळ आली तेव्हा तुला ते लिहवलं नाही. मला त्यात माझी आत्या दिसली. तीच सभेत दिसावी.

रागाने लिहिलं आहे, पण पाकिटाला डिंक प्रेमाने लावला आहे.

तुझी,
ऋतुजा


॥ श्री ॥
हिंजवडी,
रविवार, १९ एप्रिल २०२६

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि बाजूला ठेवलं. मग पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, आता या पोरीला पत्रच लिहायचं नाही. मग वाटलं, विचारलंय ते बरोबर विचारलंय.

काल दुपारी पुढच्या फाटकाने खाली उतरले. कमरजहांने मला पाहिलं, उठून स्टूल दिलं, त्यावरची धूळ पदराने पुसली. इतके दिवस कुठे होता, मागच्या फाटकाने का जाता, असं एक अक्षर विचारलं नाही. माझा दुखरा गुडघा कसा आहे, एवढंच विचारलं. ऋतू, तिने चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी सरळ विचारलं की ही कलिंगडं येतात कुठून. तिने इंदापूरकडच्या एका शेतकऱ्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मोठा बोलका माणूस. संकरित बी, खाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा, ठिबकने पाणी, सगळं सांगितलं. हे बी आतून लालच निघतं आणि त्यात बियाही कमी, बाजारात हेच लागतं म्हणाला. मी म्हटलं, आमची गुलाबी निघायची. त्यावर तो म्हणाला की आजी, ते जुनं वाण, ते आता कुणी फुकट बी नेत नाय. वाईट हेतूने म्हणाला नाही. सहज म्हणाला.

घरी येऊन थोडी रडले. तुझ्यापासून लपवत नाही.

तू विचारलंस ना, हे कलिंगडाबद्दल आहे का दुसऱ्याच कशाबद्दल. तुझ्या काकांनी उभा जन्म त्या वाळूत काढला. पाठ उन्हाने करपून जायची. पहिलं कलिंगड देवाला ठेवायचे आणि दुसरं मला कापून द्यायचे, आणि मी खाईपर्यंत तोंडाकडे बघत बसायचे. त्यांच्याहून चांगलं कलिंगड कोणी पिकवूच शकत नाही, असं मी धरून चालले होते. मग फाटकाशी रोज ते लालभडक दिसायला लागलं. ते खरं मानलं तर आमचं फिकं होतं हे मानावं लागत होतं. त्यापेक्षा सगळा देश मिळून कट करतोय हे मानायला सोपं गेलं. आता लिहून काढल्यावर मला माझंच हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं.

आणि हो, ते वाक्य मी ऐकलं होतं. कासिमभाईंना मी माझ्या हाताने भाकरी वाढली आहे. ते वाक्य ऐकून मी व्हिडिओ तिथेच बंद करायला हवा होता.

तेव्हा माझा विचार बदलला आहे. पण प्रज्ञेशला मी शब्द दिलाय. चार माणसांत उभं राहून तुझ्या काकांचं कलिंगड फिकं होतं, असं सांगणं माझ्याच्याने होणार नाही. सभेच्या दिवशी मला ताप येईल, असं ठरवलं आहे. विश्वजीतला तसं सांगून ठेवलंय.

या म्हातारीला फार ताणू नकोस. आशीर्वाद आहेतच, जरा दुखऱ्या हाताने दिलेत.

तुझी,
मुक्ताआत्या


शनिवार पेठ, पुणे,
मंगळवार, २१ एप्रिल २०२६

ती. मुक्ताआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी स्वतः वाचलं. मग म्हणाले की दाजी मला नेहमी सगळ्यात मोठं कलिंगड द्यायचे, आणि मी ते बसमधून मांडीवर घेऊन यायचो. त्यांनी तुला आजच ग्रुपवर परत घेतलं आहे. ‘सावधान’ म्हणायची मुभा आठवड्यातून एकदा.

पण आत्या, ताप रद्द कर! मोठी बातमी आहे. आज एका गाडीच्या तपासणीला हिंजवडीत आले होते. वेळ नव्हता म्हणून वर आले नाही, पण तुमच्या टॉवरखालून गेले. तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात सामान उतरत होतं. काचेच्या दाराचे मोठे फ्रिज. भिंतभर फळ्या. आणि हातवारे करत माणसांना सूचना कोण देत होतं? तुमचा प्रज्ञेश! मी रखवालदाराला विचारलं, तर म्हणाला की साहेबांच्या मेहुण्याचं दुकान निघतंय.

आता सगळं जुळतं. फ्रिज, फळ्या, फाटकासमोरची जागा. हे फळांचं दुकान आहे. त्याआधी अमीन हटायला हवा. व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्यांदा कोणी टाकला, तर प्रज्ञेशने. तुला बोलायला कोणी सांगितलं, तर प्रज्ञेशने. माझ्या धंद्यात आम्ही पहिलं हेच बघतो की फायदा कोणाचा. देशभरचा कट नसतो आत्या, पण मेहुण्यापुरता असतो. तू सभेत फक्त एवढंच विचार की गाळ्यात काय निघतंय. त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. मला तिथे असायला हवं!

घाईत लिहिते आहे. तुझ्या धाडसावर माझा पूर्वीपासून विश्वास आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
ऋतुजा


॥ श्री ॥
हिंजवडी,
शुक्रवार, २४ एप्रिल २०२६

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं रक्त सळसळलं. प्रज्ञेशला सभेत कसा उघडा पाडायचा याचं भाषणही मी आंघोळ करताना म्हणून पाहिलं. फार छान झालं होतं. मग तुझंच जुनं पत्र आठवलं. गाय पाहिली कोणी, कुठे उभं राहून पाहिली. तू फ्रिज पाहिलास. फळं पाहिलीस का?

म्हणून प्रज्ञेशला चहाला बोलावलं आणि तोंडावर विचारलं की गाळ्यात काय निघतंय. त्याने एका झटक्यात सांगितलं. औषधाचं दुकान. मेहुणा फार्मसी शिकलाय. फ्रिज इंजेक्शनं आणि इन्सुलिन ठेवायला. तेवढ्याने भागलं नाही म्हणून मी खाली जाऊन पाहून आले. फळ्यांवर खोकी लागायला सुरुवातही झाली आहे. तुझ्या हिशोबाने तर कलिंगडांत विष असेल तर फायदा औषधवाल्याचाच, म्हणजे प्रज्ञेशने अमीनला हार घालून फाटकाशी बसवायला हवं होतं.

तपासनीसबाई, कशा तोंडघशी पडलात!

मग त्याने आपणहून खरं कारण सांगितलं. गेल्या महिन्यात त्याची धाकटी मुलगी कलिंगड खाऊन झोपली आणि रात्रभर उलट्या करत होती. सलाइन लावावं लागलं. त्यातच तो व्हिडिओ हाती आला. सांगताना त्याचे डोळे भरले. त्या दिवशी पोरीने आणखी काय खाल्लं होतं, असं मी विचारलं. वाढदिवस होता कोणाचातरी, असं म्हणाला, आणि मग एकेक आठवायला लागला. पाणीपुरी, केक, कुल्फी. शेवटी कलिंगड. बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं. मी त्याला आणखी एक कप चहा दिला. बापाचा जीव तो. कोणावर तरी खापर फोडल्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती. तो काही दुष्ट माणूस नाही, ऋतू. आपण दोघींनी त्याला दोन दिवस दुष्ट करून ठेवला होता.

ताप रद्द केला आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. जमेल असं वाटत नाही, पण जाणार आहे.

हरलेल्या भाचीवर आत्याची माया दुप्पट असते, असं समजून चाल.

तुझी,
मुक्ताआत्या


(पोस्टकार्ड)
शनिवार पेठ, २५ एप्रिल

ती. मुक्ताआत्यास, सा. न. वि. वि.
लाजेने पाकीट घ्यायची हिंमत झाली नाही, म्हणून कार्ड. पोस्टमननेही वाचलं असणार, वाचू दे. फ्रिज पाहिले, फळं पाहिली नाहीत. कानाला खडा. बाबा सकाळपासून मला ‘मेहुण्याचा कट’ म्हणून हाक मारताहेत. उद्या धीराने बोल. नाही जमलं तरी तू माझी आत्याच राहशील, त्यात कुठलीही तपासणी नाही.
ऋतुजा


॥ श्री ॥
हिंजवडी,
सोमवार, २७ एप्रिल २०२६

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड सभा झाल्यावर मिळालं. पण त्यातलं शेवटचं वाक्य न वाचताच मला माहीत होतं.

सभा क्लबहाउसमध्ये होती. अमीन आणि कमरजहांलाही बोलावलं होतं. ते दाराशी उभे होते, कोणी बसा म्हणालं नव्हतं. मी माझ्या शेजारच्या खुर्च्या मोकळ्या करून त्यांना बसवलं. प्रज्ञेशने ठराव वाचला आणि मुक्ताकाकू बोलतील असं सांगितलं. मी म्हटलं, ज्याने सुई मारताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल त्याने हात वर करावा. व्हिडिओत पाहिलेलं धरायचं नाही. एकही हात वर आला नाही. मग मी माझ्या जिलेबीच्या रंगाची गोष्ट सांगितली. विश्वजीत मागून म्हणाला की मी साक्षीदार आहे. लोक पोट धरून हसले.

मला वाटलं, सुटले. इतक्यात सहाव्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ उठले आणि म्हणाले, ते सगळं खरं असेल हो, पण इतकं लाल असतं का कुठे कलिंगड, तुम्हीच सांगा, तुम्ही पिकवलीत. अगदी माझंच वाक्य, ऋतू. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अमीनने मान खाली घातली.

मग मी सांगितलं. आमचं कलिंगड फिकं होतं. जुनं वाण होतं, आम्हाला तेच ठाऊक होतं. माझ्या मालकांनी जीव ओतून पिकवलं, तरी ते गुलाबीच निघायचं. अमीनकडचं आमच्यापेक्षा चांगलं आहे, लाल आहे, गोड आहे, आणि ते तसंच उगवतं. एवढं बोलून मी बसले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं असेल. पाहू दे.

ठराव मागे घ्या, असं सगळ्यांत आधी प्रज्ञेशच म्हणाला. कापलेल्या फळांवर जाळी असावी, एवढी एक सूचना त्याने केली. अमीनने ती लगेच मान्य केली. गाडी आहे तिथेच राहणार.

सभेनंतर मी गाडीपाशी गेले. अमीन म्हणाला की मावशी, एक सांगू का, रागावू नका. त्याचे अब्बा म्हणायचे की पाटलांची, म्हणजे आमची, कलिंगडं रंगाला बेताचीच. मी म्हटलं, मग घ्यायचे कशाला? तर म्हणाला, मंडईत माल घेताना व्यापारी प्रत्येक ढिगातलं एखादं फळ घेऊन त्याची तिकोनी फाक काढून बघतो. आमच्या मळ्यावर मात्र अब्बांनी कधी चाकू लावला नाही. कारण नासकं फळ तुझे काका स्वतःच शोधून बाजूला काढायचे आणि मगच ढीग दाखवायचे. हे मला माहीत नव्हतं. यांनी कधी सांगितलं नाही, आणि कासिमभाईंनीही नाही.

मी एक कलिंगड उचललं. अमीनने सवयीने चाकू घेतला, फाक काढून दाखवायला. मी त्याचा हात धरला आणि नको म्हटलं. तसंच घेऊन वर आले.

घरी येऊन कापलं, तर आतून फिकं. पार गुलाबी, आणि बिया ही एवढ्या! विश्वजीत म्हणाला, आई, परत देऊन येऊ का? मी त्याला सांगितलं, खबरदार. रंग भरणारी ती देशव्यापी टोळी नेमकं हेच एक भरायला विसरली. मग मी ते ताटात घेतलं, बाल्कनीत बसले आणि बिया खाली थुंकायचा मोह आवरून सगळं एकटीने संपवलं. गोडीला बेताचंच होतं. तुझ्या काकांच्या मळ्यातल्यासारखं.

संभाला घेऊन रविवारी ये. येताना पुढच्याच फाटकाने या. आहे तेवढा लोभ खायला घालीनच, उरेल तो डब्यात बांधून देईन.

तुझी,
मुक्ताआत्या